बांधापलीकडे गेलेली माती

माझी मावशी बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती, आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं वॉर्डची मुख्य. तिच्या वॉर्डात चादरीचा कोपरा सुटलेला दिसला तर पेशंट स्वतः उठून तो खोचायचे. नवे डॉक्टर तिला बघून खिशातले हात बाहेर काढायचे. तिला सगळे 'सिस्टर' म्हणत. काका, म्हणजे तिचे यजमान, तेसुद्धा लग्नानंतर दोन-चार वर्षांत तिला सिस्टरच म्हणायला लागले होते. मावशी म्हणणारी मी एकटीच.

काकांची तऱ्हा अगदी उलटी. टपालाच्या छाटणीत त्यांचं आयुष्य गेलं. हातात येईल ते पाकीट शांतपणे बघायचं, योग्य खणात टाकायचं, पुढचं घ्यायचं. घाई केली की चुकतं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की ते पाणीसुद्धा विचार करून प्यायचे. कुणी काही म्हटलं की "चालेल" म्हणायचे आणि काही करायची वेळ आली की "बघू या" म्हणायचे. घराला आग लागली तरी हा माणूस आधी चष्मा पुसेल, असं मावशीचं म्हणणं होतं.

निवृत्त झाल्यावर मावशीने शहरापासून बसने दीड तासावर तीन एकर जमीन घेतली. छोटं घर बांधायचं, भाजीपाला पिकवायचा, चार फळझाडं लावायची. तिने हे आमच्या बैठकीत उभं राहून जाहीर केलं, ड्यूटीचा तक्ता वाचून दाखवावा तसं. आई म्हणाली, "अगं, तुला शेतीतलं काय कळतं?"

"तुझ्या बाळंतपणाच्या वेळी मला बाळंतपणातलं तरी काय कळत होतं? शिकले ना?" मावशी म्हणाली. विषय संपला.

जमीन उतारावर होती. वरच्या अंगाला दगड आणि खडक, खालच्या अंगाला सपाट पट्टा, आणि वरपासून खालपर्यंत सगळीकडे पुरुषभर उंचीची घाणेरीची काटेरी झुडपं. विकणारा म्हणाला होता, "थोडं साफ करून घ्यावं लागेल." हे 'थोडं' म्हणजे किती, ते त्याला उलटा टांगून विचारायला हवं होतं, असं मावशी पुढे दोन वर्षं म्हणत राहिली.

तिने आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. जशी पेशंटच्या तापाची नोंद, तसा नेटका. खालच्या सपाट जागेत घर, कारण सपाट जागा घराला बरी. वरच्या उतारावर शेत. कडेला फळझाडं. प्रत्येक गोष्टीची तारीख ठरलेली. पावसाआधी जमीन मोकळी, पुढच्या हिवाळ्यात घर उभं. तोवर राहायला म्हणून रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक खोली उभी केली. दोन खाटा, एक शेगडी, खिळ्याला टांगलेला कंदील, आणि मावशीची औषधांची लोखंडी पेटी. दुपारी ती खोली अशी तापायची की पेटीतला मलम पातळ व्हायचा.

मग सुरू झाली घाणेरीशी लढाई. मजूर मिळाले तर मजूर, नाहीतर मावशी स्वतः, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालून, हातात कोयता. तोडायला गेलं की काटे बाह्यांत अडकायचे, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, एक ओढली की चार अंगावर यायच्या. दिवसभर राबून एवढासा तुकडा मोकळा व्हायचा आणि आठवड्याने बघावं तर बुंध्यांना पुन्हा हिरवे कोंब. मुळासकट उपटल्याशिवाय ती जात नाही हे कळायला पहिला दीड महिना गेला.

"बत्तीस वर्षं जंतू मारले," मावशी कोयता आपटून म्हणाली, "पण इतका निर्लज्ज जंतू नाही बघितला!"

मी रविवारी जायचे. काका तेव्हा एखाद्या झुडपासमोर उभे असायचे. तोडण्याआधी आत पक्ष्याचं घरटं तर नाही ना, हे ते चारी बाजूंनी वाकून बघायचे. मग तोडायचे. मग तोडलेल्या फांद्या जाड, मध्यम, बारीक अशा वेगळ्या लावायचे.

"अहो, जाळायच्याच आहेत ना त्या?" मावशी ओरडायची.

"हो, पण नीट असल्या की बऱ्या."

मावशी कपाळावर हात मारायची. तिच्या कपाळाला तेवढ्याने घट्टे पडले नाहीत हेच नवल.

पाच महिने असे गेले आणि नकाशावरच्या तारखा एकामागून एक उलटून गेल्या. शेवटी मोठे बुंधे काढायला आणि घरापुरती जागा सपाट करायला तिने खोदाईचं मशीन बोलावलं. आठ दिवस आधीपासून तयारी केली. घराच्या जागेला चुन्याची रेघ मारली. त्या पट्ट्यात सात चांगली झाडं होती, सावलीची, ती ठेवायची होती. ती मशीनवाल्याला ओळखू यावीत म्हणून तिने पेटीतल्या बँडेजच्या पट्ट्या काढल्या आणि प्रत्येक बुंध्याला छान गाठ मारून बांधल्या. वॉर्डातली सवय, पट्टी सुटायची नाही अशी.

आणि नेमकी मशीन यायच्या सकाळी तिची दाढ सुजली.

गालावर लिंबाएवढी सूज आली होती. तिने दोन गोळ्या घेऊन बघितल्या, पण दुखणं कानापर्यंत गेलं. शहरात जाऊन दाढ काढण्यावाचून इलाज नव्हता. मशीन तर दारात येऊन उभं राहिलेलं, आज परत पाठवलं तर पुन्हा महिनाभर मिळायचं नाही. तिने काकांना समोर उभं केलं.

"नीट ऐका. चुन्याच्या रेघेच्या आतच सपाट करायचं. बाहेर फक्त बुंधे काढायचे. पट्ट्या बांधलेल्या झाडांना हात लावायचा नाही. काय करायचं?"

"रेघेच्या आत सपाट, बाहेर बुंधे, पट्ट्यांना हात नाही," काका म्हणाले. पाठ केलेलं बरोबर होतं.

ती दुपारी चारच्या बसने परत आली. दाढ निघाली होती, तोंडात कापसाचा घट्ट बोळा होता, आणि दाताच्या डॉक्टरने बजावलं होतं की संध्याकाळपर्यंत बोलायचं नाही, बोळा हलला तर रक्त पुन्हा सुरू होईल. मीही तिच्यासोबत होते. ती बसमधून उतरली, चार पावलं चालली आणि थांबली.

खालचा सगळा पट्टा, चुन्याच्या रेघेच्या आतला आणि बाहेरचाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टक्कल केल्यासारखा पडला होता. काळी माती हात-दीड हात खरवडून काढलेली. खालचा पिवळट, कडक मुरूम उन्हात उघडा. सातही झाडं मुळांसकट आडवी, आणि प्रत्येकाच्या बुंध्याला पांढरी पट्टी शाबूत. दोन काटेरी बाभळी तेवढ्या उभ्या होत्या. काकांनी आमच्याकडे बघून हात हलवला.

"झालं बघ, सिस्टर! एका दिवसात झालं!"

मशीनवाला उतरून आला. त्याचा चेहरा समाधानी होता. "बाई, पट्टीवाली सगळी काढली. आजारी होती ना? ही दोन चांगली होती, ती ठेवली."

मावशीच्या घशातून एक आवाज आला. शब्द नव्हताच तो. तिने बोट माझ्याकडे केलं, मग मातीकडे, मग काकांकडे. मी विचारलं, "काका, रेघेबाहेरची माती का काढली?"

"अगं, यांनी विचारलं, एवढंच सपाट करायचं की सगळंच करून टाकू, एका खेपेत होईल. मी म्हटलं, चालेल, तुम्हाला बरं वाटतं ते करा. त्यांना जास्त कळतं."

"आणि पट्ट्या?"

"ते मला विचारायला आले नाहीत. मी चहा करत होतो."

मावशीने पर्समधून दातांच्या औषधाची चिठ्ठी काढली, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं आणि काकांपुढे धरली. लिहिलं होतं: माती कुठे आहे?

काकांनी खालच्या बांधाकडे बोट दाखवलं. बांधापलीकडे शेजारणीच्या हद्दीत, तिच्या झोपडीच्या बाजूला, आमच्या काळ्या मातीचा लांबच लांब ढीग नीट पसरून ठेवला होता. "त्या बाईंनी विचारलं, इकडे टाकाल का, माझ्या दारापुढचं बुजेल. मी म्हटलं, टाका की. आपल्याला ती उचलून दुसरीकडे न्यावीच लागली असती."

मावशीने चिठ्ठी परत घेतली, पण लिहिलं काही नाही. कागद छोटा होता.

त्या संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत बसून ती भिंतीकडे बघत राहिली. तिच्या तोंडात बोळा नसता तर काकांचं काय झालं असतं सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तिने बोळा काढून टाकला आणि बोलायला सुरुवात केली. ती पुढचे आठ दिवस बोलत होती. काका मूग गिळून ऐकत होते. नवव्या दिवशी तिचा आवाज बसला, म्हणून थांबली.

शेजारीण शेळ्या पाळायची. साठीच्या आसपासची, हडकुळी, एका पायाने फरफटत चालणारी बाई. तिला सगळे 'शेळीवाली' म्हणत. मावशी माती परत मागायला गेली तेव्हा तिने त्या ढिगात भोपळ्याच्या बिया टोचल्यासुद्धा होत्या.

"ती माती माझी आहे," मावशी म्हणाली.

"होती. तुमच्या मालकांनी दिली."

"त्यांना दिली म्हणायचा अधिकार नाही!"

"मग तसं त्यांच्या कपाळावर लिहून ठेवा," शेळीवाली म्हणाली. "मी विचारून घेतली. चोरून आणली का? आता बी टोचलंय. उगवलेलं मी उपटू देणार नाही."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आणखी बोलणार एवढ्यात शेळीवाली वळली, लुगडं जरा वर झालं, आणि मावशीला तिची नडगी दिसली. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, तळहाताएवढी उघडी जखम. वरून कसल्यातरी पाल्याचा लगदा थापलेला, त्यावर चिंधी, चिंधीभोवती माश्या.

"हे काय आहे?"

"पडले होते."

"कधी?"

"झाली दोन वर्षं."

"दोन वर्षं!" मावशीचा आवाज मातीच्या भांडणापेक्षाही जास्त चढला. "दोन वर्षं चिखल थापत बसलात? बसा खाली. बसा म्हणते ना! पाय इकडे करा."

ती तरातरा खोलीत येऊन पेटी घेऊन गेली. उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुतली, मेलेली कातडी काढली, औषध लावलं, आणि बोटांपासून गुडघ्यापर्यंत पायाला घट्ट पट्टी गुंडाळली. शेळीवाली दात आवळून बसली होती.

"उद्या सकाळी येते. पट्टी ओली करायची नाही. दिवसातून दोनदा तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडायचं."

"आणि शेळ्या कोण बघणार? तुम्ही?"

मावशीने पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "बघतील आमचे हे. त्यांना कुठे काय काम आहे? आणि माती मात्र मी घेणार आहे, सांगून ठेवते."

"भोपळे निघाल्यावर बघू."

तेव्हापासून रोज सकाळी हे ठरून गेलं. मावशी पेटी घेऊन जायची, पाय धुवायची, पट्टी बदलायची आणि भांडायची. दोन्ही कामं एकाच वेळी चालायची. मी एकदा बघितलं, तर मावशी अगदी हलक्या हाताने कापूस फिरवत होती आणि तोंडाने म्हणत होती, "लाज वाटायला हवी, दुसऱ्याच्या जमिनीवर भोपळे काढायला." आणि शेळीवाली पाय तसाच धरून म्हणत होती, "तुमच्या जमिनीवर? बांध कुठे आहे, दिसतो का डोळ्यांना?" मी मावशीला विचारलं, एवढा राग आहे तर जातेस कशाला? ती माझ्यावरच खेकसली. "राग तिच्यावर आहे, पायावर नाही."

काका शेळ्या बघायचे. म्हणजे काय, तर शेळ्या जातील तिकडे जायचे. मावशीने वरच्या अंगाला पेरूची बारा रोपं लावली होती, ती एका दुपारी शेळ्यांनी बुंध्यापर्यंत खाल्ली. काका तिथेच होते.

"हाकललं का नाही?"

"मला वाटलं, पानं खाऊन थांबतील."

मावशीने त्यानंतर शेळ्या राखता राखताच त्यांना दगड वेचायचं काम दिलं. वरचा उतार दगडांनी भरलेला होता. ते काढल्याशिवाय तिथे शेत होणार नव्हतं. आता हे काम काकांच्या मनाजोगं निघालं. ते एकेक दगड उचलायचे, बघायचे, आणि आकाराप्रमाणे ढीग लावायचे. सपाट वेगळे, गोल वेगळे, टोकदार वेगळे. महिनाभरात उतारावर दगडांचं टपालखातं उभं राहिलं.

"अहो, दगड आहेत ते, पत्रं नाहीत! फेका ना कुठेतरी!"

"कुठेतरी म्हणजे कुठे? मग पुन्हा उचलावे लागतील." आणि त्यांनी सपाट दगड उताराला आडवे, ओळीने रचायला घेतले. खाली मोठे, वर मध्यम, फटींत टोकदार. एक बुटका बांध झाला. मग त्याच्या खाली दुसरा. मावशीने बघून न बघितल्यासारखं केलं. तिला सांगायची सोय नव्हती की हे तिच्या नकाशात नाही, कारण नकाशातलं तसं काहीच उरलं नव्हतं.

पाऊस आला तो एकदम आणि पोटभर आला. मुरमाच्या उघड्या पट्ट्यात पाणी जिरेना, नुसतं झरझर वाहत राहिलं. मावशी छत्री घेऊन दारात उभी होती आणि उरलीसुरली जमीनही जाणार म्हणून चडफडत होती. पण वरून येणारं गढूळ पाणी काकांच्या दगडी ओळींपाशी अडत होतं, रेंगाळत होतं, आणि पुढे जाताना निवळ होऊन जात होतं. उघडीप झाल्यावर प्रत्येक ओळीमागे बोटभर गाळ बसलेला दिसला. मावशीने तो पायाने दाबून बघितला. म्हणाली, "तिसरी ओळ वाकडी आलीय." काकांनी ती सरळ केली.

पाऊस सरल्यावर गवंडी आला. घराचा पाया कुठे धरायचा ते दाखवायला मावशीने नकाशा उलगडला. गवंड्याने नकाशाकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, मग कागद फिरवून पुन्हा बघितला.

"बाई, हा उलटा धरलाय का मी?"

"सरळच आहे."

"मग घर खाली का? इथे काळी माती होती म्हणता ना? काळ्या मातीवर घर घ्याल तर दर उन्हाळ्यात ती भेगाळणार, दर पावसाळ्यात फुगणार आणि भिंती तडकणार. आणि माती गेली तरी पाणी सगळं खालीच येणार. घर वर खडकावर घ्या. पिकाला खालची जागा ठेवा. लहान पोरालाही विचारा, हेच सांगेल."

"पण खाली तर आता माती उरली नाही."

"हो," गवंडी म्हणाला. "ती कुणी काढली?"

काकांनी घसा साफ केला. पण मावशीने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती नकाशाकडे बघत होती. तिच्या नकाशाप्रमाणे घर झालं असतं तर सगळ्यात चांगल्या मातीवर फरशी बसली असती आणि भाजीपाला दगडांत लागला असता. मशीनवाल्याने जे एका दिवसात केलं, तेच ती एका हिवाळ्यात विटा-सिमेंट लावून करणार होती. मग नकाशाची घडी घालून म्हणाली, "ठीक आहे. वर घेऊ. पण खिडकी पूर्वेलाच." चूक कबूल केली म्हणायची तर एवढीच.

घराचं काम वर सुरू झालं. काकांचे वर्गवारी केलेले दगड पायाला सरळ उपयोगी पडले. गवंडी म्हणाला, एवढे नीट लावलेले दगड त्याने आयुष्यात बघितले नाहीत. काकांनी हे वाक्य मला तीनदा सांगितलं, मावशी जवळ नसताना.

पण खालच्या मुरमाचं काय? मावशीने कुदळ घातली तर कुदळच वाकायची. तिने तिथे हिरवळीच्या खतासाठी ताग फेकला, तो वीतभर वाढून पिवळा पडला. मुळे लावले, ते करंगळीएवढे झाले आणि वाकडे. "मुळे आहेत की संधिवात?" ती म्हणाली. आणि बांधापलीकडे, रोज सकाळी पट्टी बदलताना तिच्या डोळ्यांसमोर, काळ्या मातीत शेळीवालीचे भोपळे फुगत होते. तेही कसे, एकेक मांडीवर घेऊन बसावं एवढे.

भोपळे निघाले. मावशी दुसऱ्याच सकाळी हातगाडा आणि काकांना घेऊन हजर झाली. शेळीवाली अडवायला आली नाही. "न्या," म्हणाली, "शब्द दिला होता."

ते दोघं माती भरून बांधावरच्या फळीवरून गाडा ढकलत आणायचे आणि मुरमावर ओतायचे. आधी कुदळीने मुरूम फोडायचा, त्यावर शेळ्यांचं खत, त्यावर माती. पंचेचाळीस मिनिटं फोडायचं, तेव्हा एका गाड्याची जागा व्हायची. मशीनने एका दिवसात नेलेली माती आणायला त्यांना अडीच महिने लागले, आणि तरी अर्धीच आली होती. मावशीच्या तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. ती प्रत्येक गाड्याबरोबर कुणाला ना कुणाला शिव्या घालायची. मशीनवाल्याला, दाताच्या डॉक्टरला, जमीन विकणाऱ्याला. काका गाडा ढकलायचे. त्यांचं नाव यादीत आता क्वचित यायचं.

एका सकाळी फावडं खाली गेलं ते जातच राहिलं. ढीग संपून खाली खोल, सैल भराव लागला होता. शेळीवाली झोपडीच्या दारात पाय उशीवर ठेवून बसली होती. ती म्हणाली, "तेवढं राहू द्याल का, नर्सबाई?"

"का? भोपळे निघाले ना?"

"तिथे खड्डा होता. जुन्या विहिरीचा, अर्धवट सोडलेल्या. पावसात गवताने झाकला जायचा. मी त्यातच पडले होते. दगडाने पाय फाटला तो तिथे. सकाळपासून दुपारपर्यंत आत होते. शेळ्या वर उभ्या राहून ओरडत होत्या म्हणून कुणीतरी आलं."

मावशी फावडं टेकवून उभी राहिली. "मग हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं का? वर्ष होत आलं, रोज भेटतो आपण!"

"तुम्ही कुठे विचारलंत? तुम्ही भांडत होता."

"पहिल्याच दिवशी विचारलं होतं!"

"तेव्हा सांगितलं की, पडले होते."

"कुठे पडले ते सांगायचं की नाही! माणूस अर्धवट बोलतो आणि मग..." मावशीने फावडं काकांच्या हातात दिलं, आणि गाड्यात भरलेली माती बांधापलीकडे न नेता पुन्हा त्या भरावावर उलटी केली. पायाने दाबली. मग आणखी दोन गाडे आमच्या बाजूचे आणून तिथे ओतले, कारण कडेला अजून खळगा दिसत होता. त्या सगळ्या वेळात तिचं पुटपुटणं चालूच होतं. इतकी वर्षं तो खड्डा उघडा ठेवणाऱ्यांना काय म्हणावं, आणि माणसं सरळ का बोलत नाहीत, आणि ही जमीन म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या आहे, असं.

जखम त्यानंतर दोन महिन्यांनी पूर्ण भरली. नवी कातडी गुलाबी आणि तकतकीत होती. मावशीने बोटाने दाबून बघितलं, पुन्हा बघितलं आणि पट्टी पेटीत टाकली. "आता रोज यायची गरज नाही," ती म्हणाली. शेळीवालीने पाय जमिनीवर टेकवला, उभी राहिली आणि शेळ्या सोडायला निघून गेली. आभार वगैरे काही नाही. मावशी संध्याकाळी मला फोनवर म्हणाली, "एक शब्द नाही तोंडातून! वर्षभर पाय धुतला मी!" पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेळीवाली फरफटत नव्हे, नीट चालत बांध ओलांडून आली, आणि मावशीच्या वांग्यांच्या वाफ्यात बसून न विचारता तण काढू लागली. काढता काढता म्हणाली, वांगी फार जवळ लावलीत, नर्सबाई, यांना काय वॉर्डातल्या खाटा समजलात? तिथून दोघींचं सकाळचं भांडण नव्या विषयावर सुरू झालं.

घर ठरल्यापेक्षा दीड वर्ष उशिरा झालं. दोन खोल्या, एक ओटा, पूर्वेची खिडकी. तीन एकरांतला जेमतेम पाऊण एकर पिकाखाली आला. तिथे वांगी, मिरच्या, घेवडा येतो. मुरमाचा उरलेला तुकडा अजून तसाच पिवळा आहे आणि मावशी त्याच्याकडे बघताना तोंड कडू करते. बाकीची जमीन तिने पडीक सोडली आहे. मशीन पुन्हा बोलवायचं नाव कुणी काढलं तर ती त्या माणसाशी दिवसभर बोलत नाही.

मागच्या महिन्यात मी गेले होते तेव्हा शहरातून एक गृहस्थ मोटारीने आले. चांगले कपडे, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यांना म्हणे असंच काहीतरी हवं होतं, तयार घर, तयार शेत. ओट्यावरून सगळीकडे नजर फिरवून ते म्हणाले, "बाई, विकायचा विचार आहे का?"

मावशी त्या वेळी पाण्याच्या लांब काळ्या नळीशी झटत होती. नळीला पीळ पडला होता, एक टोक सोडवलं की दुसरं अडकत होतं, आणि काका पंप बंद करू की चालू ठेवू हे लांबून विचारत होते.

"तयार?" ती त्या गृहस्थांना म्हणाली. "तुम्हाला हे तयार दिसतंय? डोळे तपासून घ्या. मला विचारा, तीन वर्षं झाली, रोज सकाळी उठते आणि कालच्यापेक्षा दोन कामं जास्तच निघतात. ही जमीन म्हणजे डोक्याला नुसता ताप आहे!"

"मग विकताय का?" त्यांनी आशेने विचारलं.

मावशीने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू वॉर्डात कुणी बूट घालून खाटेवर चढलाय. मग नळीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं.

"हे धरा. घट्ट धरा, सोडू नका. मी त्या टोकाकडून पीळ काढत येते."

त्यांनी किल्ल्या खिशात घातल्या आणि दोन्ही हातांनी नळी धरली. अर्धा तास धरून उभे होते.